काकूंचा अंबाडीचा चहा

सांगलीत आमच्या शेजारच्या काकूंच्या गच्चीवर लाल अंबाडीची चार झाडं आहेत. बोंडं धरली की त्या वरची लाल, मांसल दलं सोलून सुपात वाळवतात आणि रोज सकाळी चिमूटभर उकळत्या पाण्यात टाकतात. आंबट लागतं म्हणून वर ज्येष्ठमधाचा एक तुकडा. ‘बीपीला चांगलं,’ म्हणतात.

अंबाडीपुरतं त्यांचं बरोबर आहे. बीपी किंचित चढलेल्या ६५ जणांवर अमेरिकेत झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. सहा आठवडे रोज तीन कप हा चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ७ ने उतरला. नुसतं तसंच दिसणारं पेय घेणाऱ्यांचा जेमतेम १ ने. म्हणजे १४५ चे १३८. वाईट नाही, पण १७० वाल्याचं त्यावर भागणार नाही. शिवाय ही चाचणी बोंडांची होती. आपण भाजी करतो ती पानांची.

लसणाचंही असंच. त्यातलं बीपीवर काम करणारं अ‍ॅलिसिन नावाचं द्रव्य पाकळीत आयतं नसतं. पाकळी ठेचली की दोन कप्प्यांतले घटक एकत्र येऊन ते तयार होतं. अख्खी पाकळी तळली की ते घडवणारं एन्झाइमच निकामी होतं. तेव्हा आपल्या भडंगातल्या कुरकुरीत लसणाकडून फार आशा नको, त्यातलं मीठ मात्र बीपीपर्यंत नक्की पोचतं!

सर्पगंधेची गोष्ट वेगळी. ती खरोखरीचं औषध आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिच्यावरचा अभ्यास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि १९५२ मध्ये तिच्या मुळीतून रेसरपिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं केलं गेलं. मज्जातंतूंच्या टोकाशी असलेला रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा ते रिता करतं, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. पण मेंदूतही तेच घडतं. मात्रा वाढली तर मन खचू शकतं. कुंडीतल्या मुळीत रेसरपिन किती, हे घरी मोजणार कसं? झाड लावा, मुळी उकळू नका.

आणि काकूंचं ज्येष्ठमध? रोज घेतलं तर ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढवतं. अंबाडीनं कमावलेलं त्याच कपात गमवायचं!

काकू आता मशीनवरचा आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही, हे त्यांना पटलंय. ज्येष्ठमधाचा वाद अजून चालू आहे.