रंगवलेलं गाव आणि पोरांची सहल

रंगवलेलं गाव म्हणजे असं गाव किंवा वस्ती, जिथं घरांच्या भिंती, दारं, जिने, कट्टे चित्रांनी नाहीतर भडक रंगांनी भरलेले असतात आणि ते बघायला लोकं मुद्दाम लांबून येतात. कुठं ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली असते तर कुठं सरकारनं किंवा चित्रकारांनी ठरवून काही दिवसांत सगळं गाव रंगवलेलं असतं. पण त्या भिंतींच्या आत माणसं राहतात, भाकऱ्या थापतात, पोरांना शाळेला पाठवतात, हे सगळीकडं सारखंच. लहान पोरांना घेऊन अशा गावाला जाणं हा सहलीचा एक वेगळाच प्रकार आहे आणि सोलापूरकरांनी तो नक्की करावा, कारण आपल्याकडं सुट्टी लागली की पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर हे ठरलेलं, मोठ्यांचं दर्शन होतं आणि पोरं रांगेत कंटाळून जातात.

अशा गावात गेल्यावर पोरं पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे “ही भिंत का रंगवली?” सगळ्या सहलीचा जीव या प्रश्नात आहे असं माझं मत आहे. प्रत्येक गावाचं कारण वेगळं असतं, ते कारण पोरांना आधीच माहीत असलं तर ती भिंतीपुढं थांबतात, नसलं तर दहा मिनिटांत आईस्क्रीम मागायला लागतात.

सोलापूरच्या लोकांना जमण्यासारखं गाव म्हणजे सातारा जिल्ह्यातलं भिलार, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं. राज्य सरकारच्या मराठी भाषा विभागानं ४ मे २०१७ ला इथं ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केलं. वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचं जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव आहे, त्यावरून ही कल्पना आली. (तिथल्या रिचर्ड बूथ या दुकानदारानं १ एप्रिल १९७७ ला स्वतःला गावाचा राजा म्हणून जाहीर केलं होतं, ही गोष्ट गाडीत सांगा, पोरं लई खूश होतात.) भिलारला सुरुवात २५ ठिकाणांपासून झाली, त्यात लोकांची राहती घरं, लॉज, देऊळ, शाळा असं सगळं आलं, आणि प्रत्येक ठिकाणाला एकेक विषय दिला. कुठं कथा, कुठं कविता, कुठं इतिहास, कुठं संतसाहित्य, कुठं चरित्रं, आणि आपल्या कामाचं म्हणजे बालसाहित्य. चित्रकारांनी येऊन बाहेरच्या भिंतींवर त्या त्या विषयाची चित्रं काढली, त्यामुळं आत कसली पुस्तकं आहेत हे भिंतच सांगते, अजून वाचता न येणारं पोरगंसुद्धा आपलं घर बरोबर ओळखून आत शिरतं. काचेच्या कपाटातलं पुस्तक काढायचं, खुर्चीत नाहीतर ओसरीवर बसून वाचायचं, परत जागेवर ठेवायचं, पैसे काही नाहीत, पण पुस्तक घरी नेता येत नाही. आणि गाव मुळात स्ट्रॉबेरीचं, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये गेलात तर पोरांना झाडाला लागलेली स्ट्रॉबेरी बघायला मिळते, मे महिन्यात नाही, आणि आपल्या सुट्ट्या नेमक्या मेमध्ये, म्हणून नाताळच्या सुट्टीत जावं हे बरं.

जाताना पंढरपूर, माळशिरस, फलटण करत वाईला निघायचं आणि मग पसरणी घाट चढायचा. घाटात पोरांना गाडी लागते, म्हणून वाईत पोटभर जेवण नको, थोडंसं खाऊन घाट चढून घ्यावा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की दोन दिवस चिंता नाही, दह्याबरोबर तर पोरंही मागून खातात. एका दिवसात जाऊन यायचा हट्ट करू नये, पोरांचे हाल होतात आणि भिंती बघायच्या राहूनच जातात.

पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांचं कारण वेगळं, तिथं लग्न असलं की घराच्या आतल्या भिंतीवर सुवासिनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, मांडतात, त्यात पालघट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. शेण-माती नाहीतर गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग, आणि ब्रश म्हणजे बांबूची काडी, जिचं टोक चावून चावून कुंचल्यासारखं केलेलं. ही काडी पोरांच्या हातात द्या आणि घरी जुन्या पुठ्ठ्यावर गेरू लावून करून बघा, त्रिकोणाला त्रिकोण लावला की माणूस, वर गोल काढला की डोकं, पाच वर्षांच्या पोराला पण जमतं. याच मातीतले जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

लांबच्या गावांची कारणंही पोरांना सांगण्यासारखी आहेत. पोलंडमधल्या झालिपिए गावात चुलीच्या धुरानं भिंती काळ्या व्हायच्या, बायकांनी ते डाग झाकायला चुन्याचे ठिपके दिले, पुढं ठिपक्यांची फुलं झाली, आणि आता घर, विहीर, कुत्र्याचं खोपटं सगळ्यावर फुलं आहेत, १९४८ पासून त्याची स्पर्धा भरते. तैवानच्या ताइचुंग शहरात जुन्या सैनिकांची वस्ती पाडायची ठरली होती, बहुतेक घरं गेलीसुद्धा, तेव्हा हुआंग युंग-फू या म्हाताऱ्या सैनिकानं एकट्यानं भिंतींवर पक्षी, प्राणी, माणसं रंगवायला सुरुवात केली, लोकं बघायला यायला लागली आणि उरलेली अकरा घरं वाचली. शंभरी गाठून हे आजोबा २०२४ मध्ये वारले. रंगाच्या डब्यानं घर वाचवलं म्हटल्यावर पोरं अजून दहा प्रश्न विचारतात, विचारू द्या.

आता वागायचं कसं, यावर जास्त लिहायला पाहिजे कारण गडबड इथंच होते. भिंत रंगीत असली तरी ते कुणाचं तरी घर आहे, त्यामुळं उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आधी “काकू, येऊ का आत?” असं पोरांनाच विचारायला लावावं, मोठ्यांनी नाही, पोरानं विचारलं की समोरची माणसं बोलायला लागतात आणि मग चित्रात नसलेल्या गोष्टीही कळतात. चप्पल बाहेर. दोरीवर कपडे वाळत असतील, आजी दारात झोपली असेल, तिथं फोटो नको. मातीच्या भिंतीला हात लावायचा नाही हे निघायच्या आधीच सांगावं, पीठाचा रंग बोट लागलं की पुसतो, मात्र ऑइलपेंटच्या भिंतीवर रेघेवरून बोट फिरवू दिलं तर काही बिघडत नाही, घरच्यांना विचारून. आणि सगळं गाव बघायचं नसतं, तीन-चार भिंती नीट बघायच्या. पोराच्या हातात मोबाईलच्या ऐवजी वही आणि खडू द्यावेत, आवडलेल्या एका भिंतीपुढं बसून ते चित्र त्यानं आपल्या पद्धतीनं काढायचं, वाकडं आलं तरी चालतं, तेवढ्या वेळात आई-बाबांना पण बसायला मिळतं. गावातलंच काहीतरी विकत घ्यावं, स्ट्रॉबेरी, जाम, नाहीतर एक चहा, कारण आपण त्यांच्या अंगणात दिवस घालवतो.

लांब जाणं जमलं नाही तर सोलापुरातच सुरुवात होते. पूर्व भागात सकाळी लवकर एक चक्कर मारा, तेलुगू पद्मशाली घरांपुढं सडा टाकून बायका ठिपक्यांचे मुग्गू, म्हणजे रांगोळ्या, काढत असतात, एक रेघ हात न उचलता ठिपक्यांभोवती फिरते आणि सुरुवात कुठं झाली ते सापडत नाही, पोरांना शोधायला लावा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळ्या असतात. खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ पण बघण्यासारख्या, पाढे, नकाशे, प्राणी, सगळं भिंतीवर, गुरुजींना आधी विचारून गेलं तर त्या शाळेतली पोरंच आपल्या पोरांना भिंत वाचून दाखवतात.