शेंगाचटणीवरचा आळ

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला बहिणीकडे गेलो होतो. भोगीच्या जेवणात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी आणि शेंगाची चटणी. सतरा वर्षांच्या भाचीच्या ताटात मात्र चटणी नव्हती. "तिला उष्ण पडते. तोंड बघ कसं मुरमांनी भरलंय," ताई म्हणाली. भाची हळूच म्हणाली, "मामा, चटणी सोडून दोन महिने झाले. मुरूम वाढलेच की." बोलता बोलता कळलं, याच दोन महिन्यांत तिला बी-१२ ची इंजेक्शनं चालू होती. घर शाकाहारी, दूध तिला आवडत नाही, तपासणीत बी-१२ फार कमी निघालं होतं.

म्हणून हा लेख.

केसाच्या मुळाशी तेल स्रवणारी ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे ती जास्त तेल सोडते, नळीच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो आणि आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस नावाचे जिवाणू पोसले जातात. मग सूज, लाली, पू. अंगातली 'उष्णता' बाहेर पडण्याला यात कुठेच जागा नाही. मुरमांवर टूथपेस्ट थापणं किंवा दृष्ट काढणं यालाही नाही.

आहाराचा संबंध आहे, पण तो साखर, मैदा आणि शीतपेयांशी. रक्तातली साखर झपाट्याने चढली की इन्शुलिन वाढतं, त्याच्यामागे इन्शुलिनसारखा एक वाढ-घटकही जोर धरतो आणि तेलग्रंथींना चेव येतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात मुरमं असलेल्या ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. साखर सावकाश चढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरमं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. शेंगदाण्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते त्याचं माप, १५ च्या आसपास, अगदी खालचा. या कसोटीवर चटणी साफ सुटते.

आता बी-१२. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडतं ते हे.

हे जीवनसत्त्व झाडांना बनवता येत नाही, प्राण्यांनाही नाही. ते फक्त जिवाणू आणि आर्किया नावाचे सूक्ष्मजीव बनवतात. मधोमध कोबाल्टचा अणू आणि भोवती कड्यांचं वेटोळं, अशी त्याची गुंतागुंतीची रचना ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्यांना १९६४ चं नोबेल मिळालं.

आपल्या चेहऱ्यावरचा तो जिवाणूही बी-१२ स्वतः बनवतो. सुरुवात ग्लुटामेट या अमिनो आम्लापासून होते. त्यापासून अमिनोलेव्हुलिनिक आम्ल तयार होतं. त्याचे आठ रेणू जोडीजोडीने जुळून पोर्फोबिलिनोजेनचे चार रेणू होतात आणि त्या चारांचं मिळून युरोपोर्फिरिनोजेन-३ हे एक मोठं कडं तयार होतं. इथे वाट फुटते. एका बाजूला बी-१२, दुसऱ्या बाजूला पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं. उजनीच्या कालव्यावरचा शेतकरी हे लगेच ओळखेल: पाट एकच, चाऱ्या दोन. एका चारीचं दार लावलं की पाणी दुसरीत जातं.

हे दार कोण लावतं? आपणच. इंजेक्शनने शरीरात बी-१२ वाढलं की ते त्वचेतही वाढतं. जिवाणूला ते आयतं मिळतं, म्हणून तो स्वतःची बी-१२ बनवणारी जनुकं मंदावतो. कच्चा माल मग पॉर्फिरिनकडे वळतो. पॉर्फिरिनमुळे दाह पेटतो. अतिनील दिव्याखाली चेहऱ्यावर नारिंगी-लाल ठिपके चमकतात, तेही याच पॉर्फिरिनचे.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २०१५ मध्ये मांडलं. त्यांनी १० निरोगी लोकांना बी-१२ दिलं. त्यांतल्या एकाला आठवड्याभरात मुरमं आली आणि त्याच्या त्वचेवरच्या जिवाणूंची जनुकं मुरमं असलेल्यांच्या जिवाणूंसारखी वागू लागली. दहांत एक, म्हणजे हा प्रकार सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही. पण अचानक, एकाच मापाचे बारीक फोड चेहरा, छाती, पाठीवर उठले आणि नुकतंच बी-१२ सुरू झालं असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. मोबाईलवर 'त्वचा उजळेल' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्यांतही बऱ्याचदा बी-१२ असतं. पुडक्याची मागची बाजू वाचा.

अ जीवनसत्त्वाचं उलट आहे. त्यापासून बनवलेलं आयसोट्रेटिनॉइन हे मुरमांवरचं फार प्रभावी औषध आहे, पण गरोदरपणात बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं. मनाने कधीच घेऊ नये. अ जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्याही भरमसाट घेतल्या तर अंगाला बाधतात.

ताईने लगेच विचारलं, "मग इंजेक्शन बंद करू?" नाही. बी-१२ ची कमतरता मुरमांपेक्षा कितीतरी गंभीर आहे. हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं आणि दुर्लक्ष केलं तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. मुरमं कधीपासून वाढली ते डॉक्टरांना सांग, मात्रा किती आणि किती दिवस ते त्यांना ठरवू दे, एवढंच मी तिला म्हणालो. अशी मुरमं बी-१२ चा कोर्स थांबला की बहुधा ओसरतात.

भाचीने तोवर चटणीची वाटी स्वतःकडे ओढून घेतली होती.