पीपीएल काढताय? मग रेडिओचा परवानाही लागेल

नाशिकमधल्या आमच्या वर्गात चौकशीला येणारे बहुतेक पालक आधी उड्डाणाचं विचारतात. किती तास, तासाला किती पैसे, मुलगी एकटी कधी उडणार. रेडिओचं कुणी विचारत नाही. मग उड्डाणाचे तास पुरे होत आले की धावपळ सुरू होते, कारण विमान चालवण्याचा परवाना आणि त्या विमानातल्या रेडिओवर बोलण्याचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. हे पत्रक त्या दुसऱ्या कागदाबद्दल आहे.

पहिल्या कागदाचं थोडक्यात सांगतो. पीपीएल म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना. त्यासाठी वय किमान १७, शिक्षण दहावी पास, वर्ग २ ची वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. या चाळीसातले निदान १० तास एकट्याने उडालेले हवेत. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना, म्हणजे एसपीएल, सोळाव्या वर्षीही निघतो.

दुसऱ्या कागदाचं नाव एफआरटीओएल, म्हणजे विमानातल्या रेडिओवर बोलण्याचा परवाना. हा परवाना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, पण त्याआधी आरटीआर (ए) ही रेडिओवर बोलण्याची परीक्षा पास व्हावी लागते. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घ्यायची. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि हे काम नागरी विमान वाहतुकीच्या बाजूला आणण्याची वाट त्याने मोकळी केली. त्यामुळे दादा-ताईंकडून मिळालेल्या जुन्या नोट्समधली अर्जाची पानं खुशाल फाडून टाका. बोलण्याच्या पद्धतीची पानं मात्र जपून ठेवा, ती बदललेली नाहीत. तारखा आणि शुल्क डीजीसीएच्या ताज्या सूचनेतूनच पाहायचं, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवरून नाही.

अडतं कुठे?

इंग्रजीपाशी नाही. मराठी माध्यमातून आलेली, दिंडोरी-सिन्नरकडची मुलं इथे बिचकत येतात. पण रेडिओवरची भाषा मोजक्या शब्दांची आहे आणि ती सगळ्यांनाच नव्याने शिकावी लागते. घरी फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याला उलट जास्त सवयी मोडाव्या लागतात. थ्री नाही, ट्री. फाइव्ह नाही, फाइफ. नाइन नाही, नाइनर. खरखरीतही आकडा ओळखू यावा म्हणून हे उच्चार ठरवून दिलेले आहेत. (आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची इंग्रजी प्रावीण्याची चौथी पातळी ही वेगळी चाचणी आहे. त्या दोन्हींची गल्लत करू नका.)

खरी अडचण रीडबॅकची. टॉवरने, म्हणजे विमानतळावरच्या नियंत्रकाने, दिलेली सूचना तशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, याला रीडबॅक म्हणतात. आमच्या सरावातला नमुना पाहा. विमानाचं नाव (व्हीटी-एबीसी, एकेका अक्षराला एक ठरलेला शब्द) काल्पनिक आहे.

टॉवर: «व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली, होल्ड शॉर्ट रनवे टू सेव्हन.»

विद्यार्थी: «रॉजर, सर.»

इथे आम्ही थांबवतो. रॉजर म्हणजे तुमचं बोलणं मला पूर्ण मिळालं, एवढंच. तुम्ही धावपट्टीच्या अलीकडे थांबणार आहात की नाही, हे त्यातून टॉवरला कळत नाही. बरोबर उत्तर असं: «होल्डिंग शॉर्ट रनवे टू सेव्हन, व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली.» सर म्हणायचं नाही. धावपट्टीचा क्रमांक, उंची, दिशा, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब), ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड हे सगळं परत म्हणायचं. वाऱ्याचा वेग परत म्हणण्याची गरज नसते, आणि नवखा विद्यार्थी नेमका तोच म्हणतो.

ही शिस्त कशासाठी, हे एकदा कळलं की पाठांतर सोपं जातं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. एका वैमानिकाने परवानगी मिळाली असं समजून विमान पळवलं होतं, आणि रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आल्यामुळे सावध करणारे शब्द शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. म्हणून आज टेक-ऑफ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. एरवी डिपार्चर म्हणायचं. परीक्षेत हे विचारतात, आणि न विचारलं तरी हा शब्द चुकीच्या जागी तोंडात येता कामा नये.

नाशिकच्या मुलांना तर हे जास्तच लागू आहे. ओझरला एचएएलची धावपट्टी, गांधीनगरला आर्मी एव्हिएशन, देवळालीला तोफखान्याचा सराव. इतक्या जवळजवळ असलेल्या आकाशात उंचीचा एक आकडा चुकीचा ऐकणं परवडत नाही.

डोंगराआड आवाज का तुटतो?

विमानाचा व्हीएचएफ रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतो आणि त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. जमिनीपासूनची फुटांतली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.२३ ने गुणा. सागरी मैलांत अंदाजे पल्ला मिळतो. एक हजार फुटांवर तो सुमारे ३९ येतो, तीन हजारांवर ६७. हे सपाट मुलखाचं गणित झालं. ओझरहून धुळ्याच्या दिशेने जाताना मध्ये सातमाळ्याची रांग आडवी येते आणि त्यातला धोडप साडेचार हजार फुटांहून उंच आहे. रांगेच्या पलीकडे खाली उडत असाल तर टॉवरचा आवाज तुटणारच, रेडिओ बिघडला म्हणून घाबरायचं नाही. शक्य असेल आणि परवानगी असेल तर उंची घ्यायची, नाहीतर दुसऱ्या विमानामार्फत निरोप द्यायचा. तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला की आमची मुलं धोडपचंच उदाहरण देतात. द्या, चालतं.

रेडिओ खरोखरच बंद पडला तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० लावायचं आणि टॉवरच्या दिव्याकडे पाहायचं. उडत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. जमिनीवर याच रंगांचे अर्थ बदलतात. दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी ठेवून पाठ करा.

वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत सांगायची. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की झालं. सकाळचे सव्वादहा म्हणजे ०४४५. भर परीक्षेत हे गणित बोटांवर करत बसलात तर पुढची ओळ निसटते.

वारंवार विचारलं जाणारं

हॅम रेडिओचा परवाना आहे, तो चालेल का? नाही. कानाला सवय असल्याचा फायदा मात्र नक्की होतो. ड्रोनचं प्रमाणपत्र? त्याचा इथे काही संबंध नाही. सरावासाठी ऑनलाइन एअरबँडचा वॉकीटॉकी मागवू का? अजिबात नको. प्रक्षेपण करणारा संच विनापरवाना बाळगला तर प्रकरण अंगाशी येतं.

आम्ही सराव तारेच्या इंटरकॉमवर घेतो. दोन खोल्या, दोन हेडसेट, मध्ये भिंत. एकीकडे शिक्षक टॉवर होतो, दुसरीकडे विद्यार्थी मांडीवर नीपॅड (टिपणाची छोटी पाटी) बांधून बसतो आणि कानात इंजिनाची घरघर सोडलेली असते. इंजिन सुरू करण्याच्या परवानगीपासून उतरून पार्किंगपर्यंतचं पूर्ण उड्डाण बोलायचं, आणि मध्येच कुठेतरी आम्ही इंजिन बंद पाडतो. तीनदा मेडे (संकटाची हाक), मग कुणाला हाक देताय, तुम्ही कोण, काय झालं, काय करणार, कुठे आहात, किती उंचीवर, विमानात माणसं किती. पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येक जण शेवटचं विसरतो.

परवाना आम्ही देत नाही, तो डीजीसीए देते. पास होण्याची हमीही देत नाही. कुणी देत असेल तर पैसे भरण्याआधी दोनदा विचार करा. आमचा सल्ला एवढाच की उड्डाणाचे पहिले तास सुरू होतात त्याच महिन्यात रेडिओचाही सराव सुरू करा, म्हणजे सकाळी वर्गात म्हटलेलं वाक्य आठवड्याभरात विमानात म्हणता येतं.

वर्ग शनिवारी आणि रविवारी सकाळी, एका तुकडीत मोजकीच मुलं. येताना दहावीचं प्रमाणपत्र, असल्यास एसपीएलची प्रत आणि एक साधी वही आणा. हेडसेट विकत घ्यायची घाई नको, आमच्याकडे आहेत.