मधमाशी की गांधीलमाशी? अळीला काय भरवते ते पाहा

पिवळे-काळे पट्टे, चार पंख आणि मागे डंख. एवढ्यावर दोघींची गल्लत होणारच. केस, कंबर, पोळे असे फरक सांगितले जातात आणि ते खरेही आहेत. पण ते सुटेसुटे पाठ करण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: ही माशी आपल्या अळ्यांना काय भरवते? बाकीचे बरेचसे त्यातूनच उलगडते.

मधमाशीच्या अळ्या परागकण आणि मधावर वाढतात. गांधीलमाशीच्या अळ्यांना मांस लागते: सुरवंट, कोळी, माश्या, प्रसंगी मधमाश्यासुद्धा. गंमत अशी, की प्रौढ गांधीलमाशीला स्वतःला घन अन्न गिळता येत नाही. तिची भिस्त मकरंद, फळांचा रस अशा पातळ पदार्थांवर. समूहाने राहणाऱ्या जातींत तर मांस खाल्लेल्या अळ्याच तोंडातून गोडसर द्रव काढून मोठ्यांना पाजतात. म्हणून फुलावर बसली ती मधमाशीच, असे धरून चालू नये.

मुळात मधमाश्या या शिकारी गांधीलमाश्यांच्याच वंशातल्या. क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडात, फुलझाडे जगभर पसरत असताना, त्यांच्या एका शाखेने शिकार सोडून पराग धरला. त्या शाखेच्या आज 20,000 हून अधिक जाती आहेत. मोठी पोळी बांधणाऱ्या एपिस प्रजातीत त्यांपैकी जेमतेम दहाएक जाती येतात. बहुतेक जाती एकेकट्या राहतात आणि मधाचा साठा करतच नाहीत.

आता अंगाकडे पाहा. पराग गोळा करायचा तर तो अंगाला चिकटायला हवा, म्हणून मधमाशीच्या अंगावर फांद्या फुटलेले बारीक केस असतात. उडताना अंगावर येणारा विद्युतभारही पराग ओढून घेतो. मग ती तो विंचरून मागच्या पायांवर गोळ्यांच्या रूपात थापते. गांधीलमाशीला हा खटाटोप नको. ती गुळगुळीत, चकचकीत, आणि कंबर इतकी बारीक की पोटाचा भाग हवा तसा वळवून भक्ष्याला नेमका डंख मारता येतो.

डंख मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचा बदललेला अवतार, त्यामुळे तो दोन्हींकडे फक्त मादीला. पण काम वेगळे. एकटी राहणारी गांधीलमाशी डंखाने भक्ष्य मारत नाही, लुळे करते. मांस साठवले तर सडते, लुळा कोळी मात्र ताजा राहतो. मातीचे घरटे करणारी कुंभारीण असेच कोळी कोंबून, वर अंडे घालून तोंड लिंपून टाकते. पोळ्यात राहणाऱ्या मधमाशीला राखायचा असतो मध, तोही मोठ्या प्राण्यांपासून. कामकरी माशीच्या डंखाला उलटे काटे असतात. तो आपल्या कातडीत रुततो, विषाच्या पिशवीसकट तुटतो आणि माशी मरते. तुटलेला डंख विष ढकलतच राहतो आणि त्याच्या वासाने इतर माश्याही चवताळतात, तेव्हा तो लगेच काढावा आणि तिथून दूर व्हावे. गांधीलमाशी मात्र पुन्हा पुन्हा डसू शकते.

पोळ्याचे थोडक्यात: एकीचे पोटातून पाझरलेल्या मेणाचे, दुसरीचे लाकूड चावून केलेल्या कागदासारख्या लगद्याचे. षटकोनी घरे दोघींकडेही दिसतात, त्यामुळे नुसत्या आकारावर जाऊ नका.

अपवादही आहेत. अमेरिका खंडाच्या उष्ण भागात काही डंखहीन मधमाश्या मेलेल्या प्राण्यांचे मांस नेतात, तर काही गांधीलमाश्या अळ्यांना परागच भरवतात. निसर्ग आमच्या सोयीसाठी रकाने आखत नाही.

कौतुकाची वाटणी मात्र अगदीच एकतर्फी. मधमाशीला 20 मे हा जागतिक दिवस मिळाला, गांधीलमाशीच्या वाट्याला धूर आणि फवारा. वास्तविक वड, पिंपळ, उंबर यांचे परागीभवन करतात त्या चिमुकल्या माश्या गांधीलमाश्यांच्याच गोतातल्या. शेतात ट्रायकोकार्ड, म्हणजे परजीवी माशी आत वाढत असलेली अंडी चिकटवलेला कागद, लावतात, त्यातून निघणारी ट्रायकोग्रामाही त्यातलीच, किडींच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालणारी. आफ्रिकेत कसावा या कंदाचे पीक पिठ्या ढेकूण या किडीने बुडत होते, तेव्हा दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या अशाच एका परजीवी माशीने ते सावरले. त्या मोहिमेसाठी कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मधमाशीच्या प्रेमातही घोळ आहेच. पेटीतली मधमाशी हा पाळीव जीव आहे. पेट्या वाढल्या म्हणून रानातल्या माश्या वाचल्या असे होत नाही, उलट फुले मोजकी असतील तर त्यांच्याशी स्पर्धाच वाढते. युरोपीय संघाने 2018 मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, त्याचा उपयोग पाळीव आणि रानटी दोघींना. एकट्या राहणाऱ्या माश्यांना त्याशिवाय जागा लागते. त्यांतल्या बहुतेक उघड्या, न खणलेल्या जमिनीत बिळे करतात आणि काही वाळक्या लाकडात. बागेचा एखादा कोपरा फरशीशिवाय आणि झाडलोटीशिवाय सोडला, तर तिथे पराग नेणारी आणि सुरवंट ओढणारी, दोघीही घर करतात.