वजनकाट्यावरचे दोन किलो

'हार्ट फेल झालं' असं कुणी सांगितलं, की ऐकणारा समजतो, माणूस गेला. डॉक्टरांच्या तोंडी 'हार्ट फेल्युअर'चा अर्थ वेगळा आहे. हृदय थांबलेलं नसतं. रक्त पुढे ढकलण्याची किंवा सैल होऊन भरून घेण्याची त्याची ताकद कमी झालेली असते, इतकंच. असा माणूस वर्षानुवर्षं जगतो, हिंडतो-फिरतो, कामही करतो. पण मधूनच एक रात्र अशी येते, की आडवं झालं की जीव गुदमरतो. एक उशी पुरत नाही, दोन पुरत नाहीत, शेवटी खुर्चीत बसूनच पहाट होते. सकाळी रुग्णालय गाठावं लागतं. तिथे शिरेतून लघवी होण्याचं औषध देतात, अंगातलं पाणी उतरतं, माणूस घरी येतो. आणि कित्येकांच्या बाबतीत काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

'काल संध्याकाळपर्यंत बरे होते हो, अचानक झालं,' असं घरचे सांगतात. ते खोटं बोलत नसतात. पण शरीरात ते अचानक झालेलं नसतं.

हृदयाकडून रक्त कमी येऊ लागलं, की मूत्रपिंडांचा गैरसमज होतो. अंगात पाणीच कमी पडलंय असं धरून ती मीठ आणि पाणी राखून ठेवतात. रक्तस्राव झालेल्या माणसाला हीच सवय तारते, इथे मात्र ती उलटते. पाणी साठत जातं, आणि हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमधला दाब चढू लागतो. अनेक रुग्णांमध्ये हा दाब धाप लागण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून वर सरकत असल्याचं दिसलं आहे. वजन बहुतेक वेळा आठवडाभर आधी हलतं. मग पाय जड होतात, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ संध्याकाळी खोल उमटतो. धाप येते ती या सगळ्याच्या नंतर. म्हणजे ज्या लक्षणाने घाबरून माणूस डॉक्टरकडे धावतो, ते रांगेत शेवटी उभं असतं. रुग्णावर घरबसल्या देखरेख ठेवण्याची सगळी मदार या मधल्या दिवसांवर आहे.

दुरून हृदय पाहायची कल्पना तशी जुनीच. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात शरीरक्रियाशास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांचं ईसीजीचं यंत्र इतकं अवजड होतं, की ते रुग्णापर्यंत नेणं शक्य नव्हतं. म्हणून 1905 साली त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून रुग्णाच्या हृदयाचे संकेत टेलिफोनच्या तारेने आपल्या प्रयोगशाळेत आणले.

आज सर्वांत साधं साधन म्हणजे वजनकाटा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे चार-दोन दिवसांत झपाट्याने वाढलेलं वजन हे चरबीचं नसून पाण्याचं असतं. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काहीही खाण्यापिण्याआधी, रोज साधारण तशाच कपड्यांत आणि टणक जमिनीवर ठेवलेल्या त्याच काट्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, तर दम लागायची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. पण काटाही चकवतो. काही रुग्णांत पाणी फारसं वाढत नाही, पोटातल्या शिरांमध्ये थोपलेलं रक्तच छातीकडे सरकतं आणि काटा जागचा हलत नाही. भूक मेलेल्या माणसाचं मांस झडत असतं, पाणी वाढत असतं, आणि दोन्हींची वजाबाकी होऊन आकडा तोच राहतो.

म्हणून मग दाबच थेट मोजायचा विचार पुढे आला. कार्डिओमेम्स नावाचा एक सेन्सर जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचा आहे, दोन्ही टोकांना तारेचे नाजूक फासे असलेला. मांडीच्या शिरेतून नळी घालून तो फुफ्फुसाच्या रोहिणीच्या, म्हणजे हृदयाकडून फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या, एका फांदीत कायमचा बसवतात. त्यात बॅटरी नाही. आत तारेचं एक वेटोळं आणि एक धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारा कपॅसिटर, असतं. दाबाने धारित्राचं पापुद्र्यासारखं तोंड किंचित दबलं, की या जोडीची कंपनसंख्या बदलते. रुग्ण रोज एका खास उशीवर पाठ टेकून पडतो, उशीतला अँटेना रेडिओलहरी सोडतो, सेन्सर आपल्या कंपनसंख्येत उत्तर देतो, आणि आकडा डॉक्टरांकडे पोचतो. मला या यंत्राचं मनापासून कौतुक वाटतं.

तरी खरी गोष्ट यंत्राच्या पुढे सुरू होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या सेन्सरच्या अमेरिकेतल्या चाचणीत 550 रुग्ण होते आणि सेन्सर सगळ्यांनाच बसवला होता. फरक एवढाच, की निम्म्यांचे आकडे डॉक्टरांना दिसत होते आणि उरलेल्यांचे दिसत नव्हते. आकडे दिसणाऱ्या गटात सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी कमी राहिलं. डॉक्टर त्या आकड्यांवरून औषधांचे डोस, विशेषतः लघवीच्या गोळीचे, वेळेवर बदलत होते. 2021 मधल्या 1000 रुग्णांच्या चाचणीत मात्र एकूण फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. ती कोविडच्या साथीत सापडली होती. 2023 मध्ये नेदरलँड्समधल्या 348 रुग्णांत पुन्हा फायदा दिसला, दाखल होणं 44 टक्क्यांनी घटलं.

आकडे पाहणारं पलीकडे कुणी नसेल तर काय होतं, तेही पाहायला मिळालं आहे. छातीत बसवलेल्या एका यंत्राला फुफ्फुसात पाणी साठल्याचा संशय आला, की ते रुग्णालाच ऐकू जाईल असं वाजायचं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दाखल होणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढली. छातीतून आवाज येतोय म्हटल्यावर घरी स्वस्थ कोण बसेल? त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, 1653 रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत लोकांनी रोज फोन करून, यंत्राने विचारलेल्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची होती. सहा महिन्यांनी मृत्यूत वा दाखल होण्यात काहीच फरक पडला नव्हता. शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून निदान तीनदा फोन करणारे जेमतेम 55 टक्के उरले होते. मला यात रुग्णांचा आळस दिसत नाही. रोज भिंतीशी बोलायला कुणाला आवडेल?

2018 साली जर्मनीतल्या 1571 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. यातली साधनं साधी होती: वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, ईसीजी, बोटाला लावायचा ऑक्सिजनमापक, आणि 'आज कसं वाटतंय' हा प्रश्न. पण पलीकडे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स हजर होते. म्हणजे तीन दिवसांत वजन दीड किलो वाढलेलं दिसलं, की 'काका, रात्री उशा किती लागल्या? कालची लघवीची गोळी घेतलीत ना?' असं विचारणारा माणूस फोनवर येऊ शकत होता. अशी देखरेख असलेल्या गटात अचानक दाखल होण्यात किंवा मृत्यूमुळे वर्षाकाठी सरासरी 17.8 दिवस गमावले गेले, नेहमीच्या उपचारांच्या गटात 24.2. दर 100 रुग्णांमागे वर्षाला मृत्यू 11.3 ऐवजी 7.9 झाले.

2020 च्या डिसेंबरमध्ये जर्मनीने ही देखरेख सार्वजनिक आरोग्यविम्याच्या कक्षेत आणण्याचा निर्णय घेतला. त्याच चाचणीतल्या रुग्णांचा पुढेही वर्षभर मागोवा घेतला गेला होता. चाचणी संपल्यावर उपकरणं परत गेली, फोन थांबले. त्या वर्षात गमावलेल्या दिवसांच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक उरला नव्हता.