"पुस्तकात असं नाहीये!" या कुरकुरीची मागची गोष्ट

पुस्तक वाचून पिक्चरला गेलेल्यांची कुरकुर इंटरनेटमुळे सुरू झाली असं लोकांना वाटतं, पण आधी चिडले ते खुद्द लेखकच. वाचक नंतर आले.

अगदी जुनं बघायचं तर 'विझार्ड ऑफ ओझ'चा पिक्चर, १९३९ चा. एल. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या पुस्तकात डोरोथीचे, म्हणजे नायिकेचे, बूट चांदीचे आहेत, पिक्चरमध्ये ते लाल झाले कारण तेव्हा टेक्निकलर, म्हणजे रंगीत पिक्चरचं तंत्र, नवीन होतं आणि पडद्यावर लाल भारी दिसतो. ते एक वेळ चालून जातं. पण पुस्तकातला ओझ हा खराखुरा देश आहे आणि पिक्चरनं शेवटी ते सगळं स्वप्न होतं म्हणून मिटवून टाकलं, हे मला आजही पटत नाही. बॉम १९१९ लाच गेला होता, त्यामुळे भांडायला कोणी नव्हतं. मेरी पॉपिन्सची लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स मात्र होती, १९६४ च्या प्रीमियरला ती रडली आणि ते आनंदाश्रू नव्हते. मग मिखाएल एंडे, 'नेव्हरएंडिंग स्टोरी'वाला, त्याच्या पुस्तकाचा साधारण पहिला अर्धा भाग घेऊन १९८४ ला पिक्चर केला, तो कोर्टात गेला, हरला, आणि सुरुवातीच्या टायटल्समधून स्वतःचं नाव तेवढं काढून घेतलं.

लेखकाचं एवढं का चालत नाही? तर व्यवहारच तसा असतो. स्टुडिओ आधी थोडे पैसे देऊन ठराविक मुदतीसाठी हक्क अडकवून ठेवतो, त्याला ऑप्शन म्हणतात, आणि पुढे हक्क विकताना लेखकानं करारात स्पष्ट लिहून घेतलं नसेल तर स्क्रिप्टवर त्याचा काहीच अधिकार उरत नाही. वर मुदत संपत आली की घाई, आणि घाईत काय बनतं ते आपण थेटरात पैसे देऊन बघतो.

खरी गडबड झाली २००१ नंतर. त्या एका वर्षात हॅरी पॉटर आणि लॉर्ड ऑफ द रिंग्ज दोन्ही आले आणि दोन्ही तुफान चालले. रिंग्जचा दिग्दर्शक पीटर जॅक्सननं टॉम बॉम्बाडिल हे आख्खं पात्र उडवलं, शायर, म्हणजे नायकांचं गाव, परत जिंकायचं प्रकरणही उडवलं, तरी बहुतेक फॅन्सनी माफ केलं (सगळ्यांनी नाही, मूळ लेखक टॉल्किनच्या पोरानं, क्रिस्टोफरनं, तर शेवटपर्यंत नाही), आणि तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाली. स्टुडिओवाल्यांनी यातून धडा काय घेतला, तर मुलांच्या जाडजूड पुस्तकांची मालिका दिसली की उचला. जॅक्सननं त्या जगावर किती वर्षं घालवली होती ते कोणी बघितलं नाही.

हॅरी पॉटरची गंमत वेगळी, कारण तिथं पुस्तकं संपायच्या आधीच पिक्चर यायला लागले आणि एकच पिढी दोन्ही एकदम घेऊन मोठी झाली. जुलै २००७ आठवा, पुण्यातही पोरं सातव्या पुस्तकासाठी पहाटे उठून दुकानाबाहेर उभी होती, आणि त्याच महिन्यात पाचवा पिक्चर लागलेला. सगळ्यात जाड पुस्तक पाचवं, आणि पिक्चर तोपर्यंतचा सगळ्यात छोटा, १३८ मिनिटं! ज्यांना पानं न पानं पाठ होती त्यांना मधल्या फटी दिसणारच ना, आणि ज्यांनी वाचलं नव्हतं ते शेजारी बसून विचारत होते की आता हा कोण.

मग उचलाउचलीचा काळ. 'एरागॉन' २००६, 'गोल्डन कंपास' २००७, दोन्हींचा दुसरा भाग आलाच नाही, आणि कंपासचा तर शूट केलेला शेवटच कापला, तो पुढच्या भागासाठी ठेवला म्हणे. पर्सी जॅक्सनचं प्रकरण जास्त बोलकं आहे. पुस्तकात पोरगा १२ वर्षांचा आणि सोळाव्या वाढदिवसाबद्दलच्या भविष्यवाणीवर पाच पुस्तकं उभी, आणि २०१० च्या पिक्चरमध्ये त्याला टीनएजर करून टाकला. पुस्तकांचा लेखक रिक रायर्डननं २००९ लाच निर्मात्यांना मेल लिहून सांगितलेलं की लहान वाचक तुटतील, ते मेल त्यानं २०१८ ला सगळ्यांना वाचायला ठेवले. म्हणजे माहीत होतं, तरी केलं. 'अर्थसी' पुस्तकांची लेखिका उर्सुला ले ग्विनचं दुःख याहून मोठं, तिचा नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आणि २००४ च्या टीव्ही सिरीजनं तिथं गोरा नट बसवला, तिनं उघड लेख लिहून झाडलं.

आपल्याकडे हीच वयाची भानगड फास्टर फेणेची झाली. तो फँटसी नाही हे मान्य, पण राग त्याच जातीचा. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे म्हणजे विद्याभवनमधला शाळकरी पोरगा, सायकल आणि 'ट्टॉक्', आणि २०१७ च्या पिक्चरमध्ये तो मेडिकलची एन्ट्रन्स द्यायला पुण्यात येतो. अमेय वाघनं काम झकास केलंय, पिक्चर चाललाही, माझं स्वतःचं मत चांगलं आहे. पण शनिवारवाड्याच्या आसपास ज्यांचं बालपण त्या पुस्तकांवर गेलं ते काका लोक अजून "आमचा फाफे एवढा मोठा कधी झाला" म्हणून नाक मुरडतात, आणि त्यांना गप्प करायला माझ्याकडे मुद्दा नाही. पात्र गाळलं तर गोष्ट चालू शकते, पण वय बदललं की त्याला घाबरायचं कशाला, घरचे काय म्हणतील, कोण मदत करेल, सगळंच बदलतं.

आता म्हणतात सिरीज करा, वेळ भरपूर मिळतो. पर्सीची नवी सिरीज २०२३ ला आली, रायर्डनला हाताशी घेऊन, पोरगाही लहान घेतला. पण वेळ हे औषध असेल तर जेमतेम ३०० पानांच्या 'हॉबिट'चे तीन पिक्चर, जवळजवळ आठ तास, त्यात पुस्तकात नसलेली टॉरिएल आणि तिचं प्रेमप्रकरण, ते लोकांना का नाही आवडलं? आणि 'व्हील ऑफ टाइम', १४ पुस्तकं, ॲमेझॉननं तीन सीझन केले, पहिल्यातच पेरिन या मुख्य पात्राला पुस्तकात नसलेली बायको देऊन तिला त्याच्याच हातून मारलं, आणि २०२५ ला गोष्ट अर्धी ठेवून बंद केलं.