मुंग्या लागल्या नाहीत, म्हणजे साखर नाही?

"रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं, पण मोरीत मुंग्या कुठे लागतात? म्हणजे साखर नाही." मधुमेहाचं हे निदान घरोघरी चालतं, आणि ते चुकीचं आहे.

रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली, की मगच ती लघवीत उतरू लागते. मधुमेह मात्र उपाशीपोटी 126 किंवा जास्त, दोनदा आलं की ठरतो. मधल्या पट्ट्यातल्या माणसाच्या मोरीकडे मुंगी फिरकेलच असं नाही. उलट, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहावरच्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. तिथे मुंग्या आल्या तर गोळी काम करतेय, एवढंच.

रात्री पाहायचं ते वेगळंच. साखर आपल्यासोबत पाणी ओढून नेते, म्हणून प्रत्येक खेपेला लघवी भरपूर होते, घसा कोरडा पडतो, उशाचा तांब्या रिकामा होतो. पुरुषांना थेंबथेंब, अडखळत होत असेल तर प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथीही तपासावी. झोपतानाचा चहा किंवा बीपीची लघवी वाढवणारी गोळीही उठवतेच. आणि बऱ्याच मधुमेहींना तर काहीच जाणवत नाही! तेव्हा उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. तहान लागतेय आणि वजनही आपोआप उतरत असेल, तर उद्याच.